बंगल्यातलं उभं मशीन: प्लग लावण्याआधी पाटी वाचा

मी भुशीहून बोलतेय. पावसाळ्यात धरणाच्या वाटेवर कणसं भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या ज्या बाया दिसतात, त्यातल्या बऱ्याच आमच्या बचत गटातल्या. पाऊस सरला की ती कमाई आटते. मग दिवाळीच्या तोंडावर बंगले उघडतात आणि आम्हाला साफसफाईची कामं मिळतात. चार महिने बंद असलेलं घर उघडल्यावर कसला वास येतो, ते लोणावळ्याच्या बाईला सांगायला नको. गाद्या दमट, सोफ्यावर पांढरी बुरशी, गालिच्यात वर्षाची धूळ. गालिचा झोडपून झोडपून खांदे भरून येतात.

गेल्या वर्षी एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं. तिथे कामाला असलेल्या आमच्या गटातल्या वहिनींना मालकीणबाई म्हणाल्या, "हे मशीन नेता का? नाहीतर भंगारात देते." वहिनी घेऊन आल्या. उंच दांडा, दांड्याला टांगलेली कापडी पिशवी, खाली धातूचं जड डोकं आणि पुढे एक छोटा दिवा. आपल्याकडे व्हॅक्युम क्लीनर म्हटलं की चाकांवरचा डबा आणि त्याची लांब नळी आठवते. हे तसं नव्हतं. हे उभं ढकलायचं मशीन.

बैठकीत सगळ्यांना घाई. एकीने प्लग हातात घेतलासुद्धा. मी ओरडले, "ठेव खाली!" माझा आवाज जरा जास्तच चढला, पण त्याला कारण आहे. माझ्या सासूबाईंनी एकदा बाजारातून जुनी इस्त्री आणली होती. दिसायला चकचकीत, पण आतल्या वायरचं रबर कुजलेलं. तिचा असा झटका बसला की हात भाजला आणि पुढे कित्येक दिवस त्यांना पोळी लाटता येईना. मी वायरमनचं काम शिकले ते त्यानंतर. म्हणून आज जुनं मशीन ओळखायचं कसं आणि कामाला लावायचं कसं, ते सांगते.

आधी पाटी शोधायची. मशीन आडवं करा आणि पोटाखाली किंवा पाठीमागे बघा. पत्र्याची छोटी पाटी असते, तिच्यावर धुळीचा थर बसलेला असतो. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, घासू नका, अक्षरं निघून जातात. तिच्यावर कंपनीचं नाव, गाव, मॉडेल नंबर, व्होल्ट आणि वॅट असतात. यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्होल्ट. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. पाटीवर ११०, ११५ किंवा १२० लिहिलं असेल तर ते मशीन अमेरिकेकडचं. ते आपल्या प्लगात लावलं की मोटार भलत्याच वेगाने फिरते, पंखा फुटू शकतो, वाइंडिंग जळतं. त्याला व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वॅटला पुरेल एवढा मोठा घ्यायचा तर पैसाही बराच जातो. गटाने त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

आमच्या पाटीवर हूवर हे नाव होतं, खाली पेरिव्हेल, इंग्लंड, आणि २३० ते २५० व्होल्ट. जीव भांड्यात पडला.

पेरिव्हेल हे लंडनजवळचं ठिकाण. हूवरचा तिथला कारखाना १९३३ साली उघडला आणि १९८२ साली तिथलं उत्पादन थांबलं. म्हणजे पाटीवर पेरिव्हेल असेल तर मशीन चाळीस वर्षांहून जुनं धरायला हरकत नाही. त्याच १९८२ साली आपल्याकडे युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेली मुलं दारोदार फिरून व्हॅक्युम क्लीनर विकू लागली. ती मशीनं डब्याची. त्यामुळे उभं मशीन आपल्याकडे दिसलं, तर ते बहुतेक परदेशातून परतलेल्या कुणाच्या सामानातून किंवा जुन्या बाजारातून आलेलं असतं.

वय ओळखायची दुसरी खूण वायरमध्ये असते. इंग्लंडच्या जुन्या वायरमध्ये आत लाल, काळी आणि हिरवी तार असायची. १९७० च्या सुमारास ते रंग बदलून तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा झाले. आमच्यात लाल-काळी-हिरवी निघाली. पण मध्ये कुणी वायर बदललेली असेल तर हा पुरावा खोटा ठरतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. मुठीचा किंवा दिव्याजवळचा काळा-तपकिरी भाग बोटाने जोरात घासून गरम करा आणि हुंगा. दवाखान्यातल्या औषधासारखा उग्र वास आला तर ते बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक. डोक्याखाली फिरणारा रूळ असतो, त्याच्यावर ब्रशाच्या ओळींबरोबर धातूच्या पट्ट्या असतील तर त्या गालिचा आपटून धूळ उडवण्यासाठी. ही युक्ती हूवरने १९२६ साली आणली. आपण अंगणात काठीने झोडपतो, तेच काम.

आता जरा आडवळण घेते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. विजेवर चालणारं असलं उभं मशीन अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या माणसाने बनवलं. तो मोठा शास्त्रज्ञ नव्हता. दुकानात झाडलोट करायचा, आणि त्याला दम्याचा त्रास. झाडूने उडणाऱ्या धुळीने जीव नकोसा झाला, म्हणून त्याने पंख्याची मोटार, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. हूवर कुटुंबातल्या सुझन हूवर यांनी ते घरात वापरून पाहिलं, त्यांना पटलं, आणि चामड्याचा धंदा करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने त्याचे हक्क घेतले. तेव्हा झाडूवाल्याने बनवलेलं आणि घरातल्या बाईने पारखलेलं हे मशीन आहे. आपण त्याला बिचकायचं कारण नाही, फक्त विजेला बिचकायचं.

तर दुरुस्ती. पहिलं काम अंगणात, प्लग न लावता, तोंडाला ओला पदर बांधून. पिशवी सोडवा आणि लांब नेऊन झटका. आमच्या पिशवीत उंदराच्या लेंड्या निघाल्या. मूळ पिशवी चांगली असेल तर धुऊ नका, नुसती झटका. धुतल्यावर कापडाची वीण सैल पडते आणि बारीक धूळ आरपार जाते. फाटली असेल तर आपल्या शिलाई मशीनवर नवी शिवता येते. इथे लक्षात ठेवा, पिशवीतून हवा बाहेर गेली पाहिजे आणि धूळ आत राहिली पाहिजे. प्लास्टिक किंवा रेक्झिन घेतलं तर हवा कोंडून ओढ बंद होते. साधा पातळ अभ्रा घेतला तर सगळी धूळ आपल्याच तोंडावर. आम्ही घट्ट विणीचं ड्रिल कापड घेतलं, जुनी पिशवी उसवून तिच्यावरूनच बेतलं आणि शिवण दुमडून दोनदा घातली. पिशवीच्या तोंडाची धातूची कडी जुनीच ठेवली, ती नवी कुठे मिळणार?

मग खालची पट्टी काढा. रुळाला केस, दोरे, फिती गुंडाळलेल्या असतात, ते कात्रीच्या टोकाने कापून ओढा. रूळ हाताने फिरवून बघा, अडकत असेल तर टोकांशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. एकच. तेल रबरी पट्ट्यावर गेलं की पट्टा घसरतो आणि फुगतो.

हा पट्टा म्हणजे मोटारीकडून रुळाकडे फिरकी नेणारा बेल्ट. जुना बेल्ट हमखास वाळून तडकलेला असतो. तो टाकायचा नाही, तुकडे झाले तरी पिशवीत जपून दुकानात न्यायचा, कारण मापाचा तोच पुरावा. नवा घेताना ध्यानात असू द्या, बेल्ट ताणून बसतो, म्हणून तो दोरीने मोजलेल्या फेऱ्यापेक्षा आखूड लागतो. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत विजेच्या सामानाची दुकानं आहेत. जुने सुटे भाग बघायचे तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आमच्यातल्या एकीच्या दिराने सायकलच्या ट्यूबचं कडं कापून चढवलं. चाललं, पण थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास. फिरतंय का बघण्यापुरतं ठीक, कामाला नाही.

वायरबद्दल माझं म्हणणं कडक आहे. जुनी वायर वाकवल्यावर रबराचा भुगा पडत असेल तर टेप गुंडाळून भागवायचं नाही. अख्खी काढून टाका आणि तीन तारांची नवी, चांगल्या दर्जाची वायर घाला. मशीनचं अंग धातूचं असेल तर अर्थिंगची तार त्या अंगाला पक्की जोडलेली हवी आणि प्लग तीन पिनांचाच हवा. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन, त्याला दोन तारा चालतात. खूण नसेल तर अर्थिंगशिवाय वापरू नका. आणि ज्या प्लगात लावणार तिथे तरी अर्थिंग आहे का, हे बघा. बंगल्यांतसुद्धा कित्येकदा तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

आपल्याकडच्या पावसात आणखी एक घात होतो. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये दमट हवा शिरते. म्हणून मशीन उघडून काही दिवस उन्हात, वाऱ्यावर ठेवा. आम्ही दिवाळी उलटून कोरडी हवा पडेपर्यंत थांबलो. बायका कुरकुरल्या, पण थांबल्या.

यापुढचं काम परवानाधारक वायरमनसमोर करा. त्याच्याकडे सिरीज दिवा असतो. आधी मशीन कोरड्या लाकडी फळीवर ठेवून, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, बटण चालू ठेवून, सिरीज दिव्याची एक तार पिनांना आणि दुसरी मशीनच्या अंगाला लावतात. तेव्हा मशीनला कुणीही हात लावायचा नाही. दिवा जराही पेटला तर वीज अंगात उतरतेय, मशीन बाजूला. पेटला नाही तरी बारीक गळती दिव्याला कळत नाही, म्हणून मेगर लावून मोजायला सांगा. निदान एक मेगाओहम तरी आला पाहिजे. त्यानंतर मोटार सिरीज दिव्यातून चालवायची. दिवा पेटून मोटार हळूहळू फिरू लागली तर आशा आहे. दिवा लख्ख पेटला आणि मोटार हलली नाही तर ती अडकलीय किंवा आतून जळलीय. दिवा पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटलीय, नाहीतर कार्बन झिजलेत.

कार्बन म्हणजे मोटारीला दोन बाजूंनी टेकणारे काळे छोटे ठोकळे. आमचे झिजून नखाएवढे उरले होते. त्याच मापाचे नवे घालायचे, आणि ते ज्या तांब्याच्या गोलावर घासतात तो शून्य नंबरच्या काचकागदाने हलकाच साफ करायचा. काळा एमरी पेपर नको, त्याचा कण वीज वाहून नेतो आणि दोन पट्ट्यांमध्ये अडकून बसतो. चालू केल्यावर कार्बनपाशी बारीक निळ्या ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका. गोलाभोवती आगीचं कडं दिसलं तर लगेच बंद करा, आर्मेचर गेलं. इथे गटाने थांबावं. रिवाइंडिंगच्या पैशात दुसरं मशीन बघावं, आणि हे आहे तसं, रंग न फासता, जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्याला विकावं. रंग फासलेल्या जुन्या वस्तूची किंमत उतरते.

आमची मोटार वाचली. आता खरं सांगते, हे मशीन सगळ्याच कामाला येत नाही. ते गालिच्यासाठी बनलंय. शहाबादी फरशीवर फिरवलं तर रूळ खडे चारी बाजूंना उडवतो, तिथे आपला झाडूच बरा. जुन्या उभ्या मशीनमध्ये कचरा थेट पंख्यातून पिशवीत जातो, म्हणून खिळा, नाणं, टाचणी आधी हाताने वेचावी लागते, नाहीतर पंख्याचं पातं तुटतं. ओल्या गालिच्यावर तर मुळीच नाही. आणि बुरशी थेट ओढायची नाही. कापडी पिशवीतून तिची बारीक पूड पुन्हा खोलीत येते. गालिचा आधी उन्हात वाळवायचा, बुरशी बाहेर अंगणात ब्रशने झाडायची, मग मशीन. आमच्या गटातल्या एका काकूंना दमा आहे, त्यांना आम्ही मशीनजवळ येऊ देत नाही, त्या हिशेब बघतात.

सध्या तीन बंगल्यांच्या गालिच्यांचं काम गटाकडे आहे. मशीनची वही केलीय, तिच्यात पाटीवरचा मॉडेल नंबर, बेल्टचं माप, कार्बनचं माप आणि मेगरचा आकडा लिहिलाय. पाऊस सुरू झाला की मशीन कोरड्या जागी कापडात गुंडाळून ठेवायचं आणि दिवाळीआधी मेगर पुन्हा लावायचा, हे पहिल्याच पानावर आहे.