दोन फुटांचा ओटा आणि घरचं जेवण

हैदराबादेत आमचं घर दीड खोलीचं, ओटा दोन फुटांचा. बाबांना मधुमेह, मला नोकरी. रोज बाहेरून जेवण मागवणं प्रकृतीलाही नको नि खिशालाही. म्हणून भांडी घेताना एकच नियम ठेवला: एकाच कामाची वस्तू घरात नको.

तीन लिटरच्या कुकरमध्ये वरण-भात, उसळ, खिचडी सगळं होतं. कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्या. नुसतं अॅल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं त्या शेगडीवर तापत नाही. दुकानातच बुडाला लोहचुंबक लावून पाहा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. 2000 वॉटची शेगडी सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. तिला 6 अँपिअरचा साधा प्लग चालत नाही, 16 अँपिअरचाच हवा. भाड्याचं घर बघतानाच हे पाहून घ्या. याशिवाय लोखंडी तवा, छोटा मिक्सर आणि एकात एक बसणारे डबे. बस!

‘हेल्थ फूड’च्या महागड्या पाकिटांना आमच्या फळीवर जागा नाही. राष्ट्रीय पोषण संस्था आमच्याच शहरात आहे. तिच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पांढऱ्या तांदळात 10 सुद्धा नाही. नाचणीचं आंबील, ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी ही आमची पौष्टिक फळी. मात्र भाकरीतही पिष्ट असतंच, त्यामुळे बाबांच्या ताटात ती मोजूनच.

नवा संसार मांडताय? आधी ओटा मोजा, मग यादी करा.