प्लास्टिकच्या विमानावर धातूची चमक येते कशी?

दुसऱ्या महायुद्धात १९४४ पासून अमेरिकेची बरीच लढाऊ विमानं रंग न देता, उघड्या ॲल्युमिनियमच्या अंगानंच कारखान्याबाहेर पडू लागली. पी-५१ मस्टँग त्यातलंच. त्याचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल जेमतेम १४ सेंटीमीटर लांब असतं. मग त्यावर धातू कसा दाखवायचा?

आधी प्लास्टिक घासून गुळगुळीत करतात, कारण चंदेरी रंग ओरखडे लपवत नाही, उलट उठून दाखवतो. मग चकचकीत काळा थर. तो पूर्ण वाळला की एअरब्रशने धातूच्या रंगाचे पातळ हात. काही पत्रे टेपने वेगळे करून किंचित निराळ्या छटेत रंगवतात. शेवटी सांध्यांत पातळ गडद रंग सोडून वरचा पुसून घेतात.

खरी गंमत पंखांत आहे. हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात मस्टँगच्या पंखांच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टीने बुजवून वर चंदेरी रंग देत. म्हणजे धड उघड्या धातूचं, पंख मात्र रंगवलेले! तिथे हौसेनं रिव्हेट कोरून आरशासारखी चमक आणली, तर काम सुबक दिसेल, पण विमान चुकेल. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी त्या काळचे फोटो नीट पाहावेत.