ठाणे-बेलापूर पट्टा: मोटारीवाचूनच्या प्रवासाविषयीचे समज

ठाणे खाडीच्या पूर्वेला वसलेली औद्योगिक वसाहत मूळची कारखान्यांची असली, तरी आज ऐरोली, रबाळे, घणसोली आणि महापे येथील माहिती-तंत्रज्ञान संकुलांत मुंबई, ठाणे आणि डोंबिवली-कल्याणकडील नोकरदारांची रोज ये-जा असते. इतक्या बाजूच्या जागी स्वतःच्या मोटारीवाचून पोहोचणे अवघड, हा तेथे नव्याने रुजू होणाऱ्यांचा समज अगदीच निराधार नाही; पण अडचण जिथे आहे असे मानले जाते, तिथे ती नसते.

समजाचे मूळ जुन्या रेल्वेरचनेत आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, पुढे उपनगरी मार्ग मुख्यतः दक्षिण मुंबईच्या टोकाशी जोडले गेले, आणि त्यामुळे तिकडे न जाणाऱ्याला लोकल निरुपयोगी असे गृहीत धरले जाऊ लागले. वस्तुतः २००४ साली सुरू झालेला ठाणे-वाशी मार्ग, म्हणजेच ट्रान्सहार्बर, दक्षिण मुंबईच्या वाटेला जातच नाही. तो ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सोबतीने याच पट्ट्यातून धावतो, ठाण्याहून ऐरोलीला सुमारे १० मिनिटांत पोहोचवतो, आणि जानेवारी २०२४ पासून त्यावर दिघा गाव हे स्थानकही आहे. मात्र मुंबईच्या उलट दिशेची म्हणून ही गाडी रिकामी मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये. नोकऱ्याच इकडे आल्यावर गर्दीही इकडेच आली. गाडी बदलताना नवे तिकीट लागते, हाही गैरसमजच. डोंबिवली ते ऐरोली ‘ठाणेमार्गे’ एकच पास निघतो.

खरी कसोटी स्थानकाबाहेर लागते. स्थानकापासून कचेरीच्या फाटकापर्यंतच्या ज्या अंतराला वाहतूक-नियोजनात ‘अंतिम टप्पा’ म्हणतात, ते ऐरोलीत काही संकुलांसाठी पायी कापण्याजोगे असले, तरी महाप्यासाठी घणसोली किंवा कोपरखैरणे येथे उतरून बस वा शेअर रिक्षा, म्हणजे प्रत्येक आसनामागे ठरलेले भाडे घेणारी रिक्षा, धरावी लागते. पावसाळ्यात सकाळी याच रांगेत गाडीने वाचवलेली मिनिटे खर्ची पडतात. त्यामुळे घर किंवा नोकरी निवडताना नकाशावरील एकूण किलोमीटर मोजण्यापेक्षा हा शेवटचा तुकडा एकदा प्रत्यक्ष चालून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐरोलीसह मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्यापासून मोटारच स्वस्त पडते, असाही एक हिशेब मांडला जातो. त्यात इंधन तेवढे धरलेले असते. विमा, देखभाल, वाहनतळाचे शुल्क आणि कर्जाचा हप्ता सोयीस्करपणे विसरला जातो.

रात्रपाळीचा प्रश्न मात्र निराळा आहे. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात आणि तेव्हा सार्वजनिक वाहतूक खरोखरच तोकडी पडते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने हे ओळखून, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीने कामावर ठेवायचे असेल, तर त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.