अंगठी खिशात गेली, आता तुम्ही काय कराल?

समजा, इंग्लंडमध्ये तुम्ही फायरफायटरच्या मुलाखतीला बसला आहात. समोरचा अधिकारी विचारतो, "आग विझली आहे. वरच्या खोलीत तुमच्या सहकाऱ्याने टेबलावरची अंगठी खिशात टाकली. तुम्ही काय कराल?"

चोरी वाईट हे तुम्हाला कळतं का, एवढंच तपासायला हा प्रश्न नसतो. धुराने भरलेल्या घरात श्वसनयंत्र लावून किमान दोघांनी मिळून शिरायचं असतं. जिथे स्वतःचा हात दिसत नाही तिथून ज्याच्या भरवशावर तुम्ही बाहेर येणार, तोच हा अंगठीवाला. एका पाळीचा गट, म्हणजे 'वॉच', एकत्र जेवतो, रात्रीही ठाण्यावर एकत्र काढतो. 'घरातलं चव्हाट्यावर नको' ही वृत्ती अशा ठिकाणी आपोआप वाढते. आणि दुसऱ्या बाजूला तो घरमालक, ज्याने काहीही न विचारता तुम्हाला आत घेतलं.

म्हणून आधी तिथेच त्याला विचारा: "ती अंगठी कशाला घेतलीस?" कदाचित अधिकाऱ्याकडे जमा करायला उचलली असेल. पण तो म्हणाला, "बरं बाबा, ठेवतो परत," तर विषय संपला का? नाही. बरेच जण नेमके इथे घसरतात. जागा सोडण्यापूर्वी प्रभारी अधिकाऱ्याला सांगायलाच हवं, आणि तेही फक्त पाहिलं तेवढंच. 'तो चोर आहे' हा निष्कर्ष झाला. 'त्याने अंगठी खिशात घातली' ही माहिती. मग पॅनेल टोचून बघतं: "त्याची मुलं लहान आहेत, नोकरी जाईल." वाईट वाटतं, हे मोकळेपणाने म्हणा. शिक्षा काय द्यायची हे मात्र तुम्ही ठरवायचं नसतं.

अशा मुलाखतीची पद्धत गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मांडली: सगळ्यांना तोच काल्पनिक प्रसंग, आणि चांगलं, मध्यम, वाईट उत्तर कसं असेल याचे नमुने आधीच ठरलेले. त्यामुळे क्लासमध्ये 'आधी बोला, मग वरिष्ठांकडे जा' असं सूत्र पाठ करून घेतात. ते दुसऱ्याच प्रश्नाला कोलमडतं. पाळीवर आलेल्या सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय. घंटा कोणत्याही क्षणी वाजेल. इथे एकांतात समजूत काढत बसायला वेळ नाही. तो गाडीत चढता कामा नये, म्हणून अधिकाऱ्याला आत्ताच सांगायचं.

सगळ्यात अवघड प्रश्न टोमण्यांचा. २०२० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधल्या एका प्रशिक्षणार्थी फायरफायटरने आत्महत्या केली. त्यानंतर नझीर अफझल यांनी दलातल्या वातावरणाचा स्वतंत्र आढावा घेतला. नोव्हेंबर २०२२ च्या त्यांच्या अहवालाने वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष संस्थेतच मुरल्याचं म्हटलं. इंग्लंडच्या अग्निशमन सेवांसाठी २०२१ मध्ये जी नैतिक आचारसंहिता आली, तिच्या पाच तत्त्वांत सन्मान आणि समानता आहेतच. पण टोमणा अंगठीसारखा खिशात सापडत नाही. प्रत्येक वेळी तो 'गंमत' असतो. म्हणून "नव्या मुलाच्या डब्यावरून सगळे हसतायत, तुम्ही काय कराल?" याला 'वरिष्ठांना सांगेन' हे अर्धंच उत्तर. तिथल्या तिथे "बस झालं" म्हणायचं, नंतर त्या मुलाला एकट्याला गाठून विचारायचं. आणि हसणाऱ्यांत वॉचचा प्रमुखही असेल, तर वॉचबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जायचं. पॅनेल हे विचारतंच, म्हणून ते आधीच ठरवून जा.