पिंपळगाव, पण कोणतं?

केदारखेड्याच्या स्टँडवर कुणाला नुसतं 'पिंपळगावला जायचंय' म्हणून बघा. समोरचा बहुतेक आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची वाट दाखवील. होस्टेलवरच्या नाशिकच्या पोराला मात्र पिंपळगाव बसवंत म्हणायचं असतं. मित्रहो, कंपायलरही असाच जवळचं गाव आधी धरतो.

'सी'मध्ये हेडरचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं, की जीसीसी आधी त्याच फाईलच्या फोल्डरमध्ये शोधतो, मग 'हायफन आय' (आय कॅपिटल!) लावून दिलेल्या फोल्डरांत, दिलेल्या क्रमाने, आणि शेवटी सिस्टीमच्या फोल्डरांत. पहिलं सापडलं की शोध बंद. पायथनमध्ये तर धमालच. प्रॅक्टिकलच्या फाईलला 'रँडम डॉट पीवाय' नाव द्या आणि त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये 'इंपोर्ट रँडम' लिहा. पायथनचं मूळ मॉड्यूल बाजूला राहतं आणि तुमचीच फाईल उचलली जाते, कारण चालवलेल्या प्रोग्रॅमचं फोल्डर यादीत सगळ्यात वर असतं.

आता शॉर्टकट. प्रोजेक्ट वाढला की 'डॉट डॉट स्लॅश' चार-चार वेळा लिहून जीव जातो. टाईपस्क्रिप्टमध्ये त्यावर सोय आहे. 'टीएसकॉन्फिग' फाईलमधल्या 'पाथ्स'मध्ये लिहायचं, की 'अ‍ॅट स्लॅश' म्हणजे आपलं 'एसआरसी' फोल्डर. एडिटर खूष, कंपायलर खूष. चालवायला जावं तर नोड म्हणतो, मॉड्यूल सापडत नाही! मग ग्रुपमधले चौघे एकमेकांच्या लॅपटॉपला नावं ठेवतात. खरी गोम अशी, की कंपायलर हे टोपणनाव फक्त तपासणीपुरतं वापरतो. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये ते जसंच्या तसं राहतं, आणि नोड 'टीएसकॉन्फिग' बघतच नाही. म्हणून बंडलर, टेस्ट चालवणारं टूल, यांना ते अनेकदा वेगवेगळं सांगावं लागतं. त्यापेक्षा 'पॅकेज डॉट जेसन'मधल्या 'इंपोर्ट्स'मध्ये हॅशने सुरू होणारी नावं देणं मला बरं वाटतं. ती नोडला स्वतःला कळतात, आणि नव्या टाईपस्क्रिप्टलाही.

शॉर्टकटमध्ये 'डी ड्राईव्ह'पासूनचा पूर्ण पत्ता मात्र कधीच घालू नका. एक्स्टर्नल सरांसमोर लॅबच्या मशीनवर तो ड्राईव्ह असेलच असं नाही. पत्ता प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरपासून द्यावा. फोल्डरच्या नावातली कॅपिटल अक्षरंही तपासा, विंडोज ती सहसा चालवून घेतं, लिनक्स नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटच्या मशीनवर सगळा प्रोजेक्ट नव्याने कॉपी करून एकदा चालवून बघा. जेवणानंतर तासाभराचं काम आहे.