बिनदाराची घरं

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, मोठी बाजारपेठ मंचरला आहे आणि ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. इथं ओटा होता, इथं गोठा होता, असं म्हातारी माणसं बोटानं दाखवतात. मृगानंतर पाणी पुन्हा चढतं.

घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव दिलं आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणात पाणी मावतं सुमारे साडेतेरा टीएमसी. हे पाणी कुकडी प्रकल्पाच्या जाळ्यातून येडगावला आणि पुढं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. ज्यांची खाचरं बुडाली, ते बहुतेक महादेव कोळी. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रानं १९७६ सालीच कायदा केला होता. तरीही अनेक कुटुंबं लाभक्षेत्रात न जाता पाण्याच्या काठानं वर सरकली आणि डोंगरउतारावरच राहिली. पोट भरायला उरलं ते पाणी ओसरल्यावर मिळणारं गाळपेर आणि जलाशयातली मासळी. त्या दोन्हींवरचा हक्क मिळवण्यासाठी कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेबरोबर हे लोक वर्षानुवर्षं झगडले. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. त्यामागे या काठावरच्या बायामाणसांची पायपीट होती, हे विसरू नये.

याच डोंगररांगेत माळीण. ३० जुलै २०१४ ची सकाळ. मुसळधार पावसात कडा खचला आणि चाळीसहून अधिक घरं गाडली गेली. एसटीच्या चालकाला रोजच्या वळणावर गावच दिसेना, तेव्हा बाहेर खबर गेली. १५१ माणसं गेली. ढिगाऱ्यातून तीन महिन्यांचं एक बाळ आईसकट जिवंत निघालं. जे वाचले ते पत्र्याच्या निवाऱ्यात राहिले. आमडे इथं वसवलेल्या नव्या गावाच्या किल्ल्या त्यांच्या हाती पडल्या २ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे दोन वर्षं आठ महिन्यांनी. त्याच जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात नव्या वसाहतीतले रस्ते आणि भराव खचले, भेगा पडल्या. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसाला ती भेग काय वाटली असेल! घर बांधून दिलं की पुनर्वसन झालं, असं मानणाऱ्यांनी त्या पहिल्या पावसाळ्याची आठवण ठेवावी.

आता याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला या. कालव्यांनी जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग हिरवा केला, ऊस वाढला. जुन्नरला निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर, हे दोन सहकारी कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पश्चिमेला पाण्यानं घर नेलं, पूर्वेला त्याच पाण्याच्या उसासाठी दुसरी माणसं आपलं घर कुलूपबंद करून येतात. माझ्या मते ही एकच गोष्ट आहे.

त्यांची कोपी जवळून पाहावी. बांबूच्या कांबी वाकवून वर चटई किंवा पाचट, त्यावर ताडपत्री. आत वाकूनच शिरायचं. तीन दगडांची चूल, पत्र्याची पेटी, साडीची झोळी. दार नाही, असलाच तर एक पडदा. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात जातात आणि मागं दहा वर्षांची थोरली दोन धाकट्यांना सांभाळते. तिची शाळा गावाकडं, नाव पटावर आणि ती इथं. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजनाही २०२१ साली आली. पण ती योजना मजुरांच्या मूळ तालुक्यांसाठी आहे. आईबरोबर फडावर आलेलं लेकरू कोपीतच झोपतं.

आणि हा बिबट्याचा मुलूख. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसातच जन्मतो, तोडणीत त्याची पिल्लं सापडतात. रात्री उघड्यावर झोपू नका, मुलांना आत ठेवा, असं वनखातं सांगतं. सल्ला रास्त आहे, पण ‘आत’ कुठं? हल्ल्यांत गेलेल्यांमध्ये शेतमजुरांची, मेंढपाळांची, तोडणी कामगारांची लहान मुलं पुन्हा पुन्हा दिसतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते हवंच. माणसाच्या पोरांसाठीही तसंच मजबूत काहीतरी हवं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात झोपणारे त्यात धरले जातात. ज्याला कुठलंतरी छप्पर आहे, त्याला ही व्याख्या सहसा ओलांडून जाते. ताडपत्रीही छप्परच, पत्र्याचा निवाराही छप्परच. आतून कडी लावता येईल असं दार आहे का, हे कुणी विचारत नाही. माझ्या लेखी बेघर ओळखायचा पहिला प्रश्न तोच.

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतील, गव्हाणीत मोळी पडली असेल. जुन्नर-आंबेगावातले माझे बरेच वाचक ऊस उत्पादक सभासद आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत उसाच्या भावाचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी उभं राहून एवढं विचारा, की तोडणी कामगारांसाठी पक्क्या खोल्या किती बांधल्या आणि त्यांतल्या किती खोल्यांच्या दाराला आतून कडी आहे. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.