ओढेल हो, पण पेलेल का?

ॲरिझोनात कोलोरॅडो नदीच्या काठी बुलहेड सिटी नावाचं गाव आहे. तिथून पूर्वेकडे निघणारा ६८ क्रमांकाचा राज्यमार्ग साडेअकरा मैलांत साधारण तीन हजार फूट चढतो. जवळच्या धरणावरून या चढाला डेव्हिस डॅम ग्रेड म्हणतात. पिकअप किती वजन ओढते हे ठरवायची अमेरिकेतली प्रमाणित चाचणी याच चढावर बेतलेली आहे. पारा किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, मागे भरलेला ट्रेलर, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं हे जे२८०७ मानक लागू होण्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने आकडे छापत असे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते पाळायला सुरुवात केली आणि बाकीच्या बड्या कंपन्या हळूहळू मागून आल्या.

तेव्हा जाहिरातीतला ‘११,३०० पौंड’ हा आकडा अगदीच थाप नसतो. पण त्याच्या अटी बारीक अक्षरांत असतात. चाचणीच्या गाडीत दोनच माणसं धरतात, तीही प्रत्येकी १५० पौंडांची. ट्रेलरच्या वजनापैकी फक्त १० टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागी, धरतात. शिवाय जाहिरातीत झळकतो तो त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल जोडणीचा, म्हणजे ठरावीक इंजिन, ठरावीक ॲक्सल आणि ठरावीक कॅबचा आकडा. आपल्या दारात उभी असलेली गाडी ती नसते.

‘अकरा हजार ओढते, आपला ट्रेलर तर सहाचा’

हे वाक्य दर उन्हाळ्यापूर्वी अमेरिकेतल्या कुठल्या तरी मराठी घरात बोललं जातं आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. त्यामुळे जरा सविस्तर हिशोब मांडू. (पौंडाचे किलो करायचे तर २.२ ने भागा.)

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. हा झाला पेलोड. तो त्या मॉडेलचा सरसकट आकडा नसून त्या एका गाडीचा असतो. एकाच रंगाच्या, एकाच वर्षाच्या फोर्डच्या दोन एफ-१५० शेजारी उभ्या केल्या आणि एकीला काचेचं छत, फोर-व्हील ड्राइव्ह नि चामड्याच्या सीटा असल्या, तर चिठ्ठ्यांत काही शे पौंडांचा फरक सहज निघतो. चैनीची प्रत्येक गोष्ट पेलोड खाते. नंतर बसवलेलं बेडवरचं झाकण, पायऱ्या, हौसेने घेतलेली हत्याराची पेटी हे सगळं त्यातूनच वजा करायचं.

समजा चिठ्ठीवर १,५१० पौंड आहेत. हाफ-टन, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या, पिकअपसाठी हा आकडा अगदी नेहमीचा. ट्रेलर मधल्या आकाराचा, पंचवीस-सव्वीस फुटी. त्याचं कॅटलॉगमधलं कोरडं वजन ५,३०० पौंड. कोरडं म्हणजे पाण्याच्या टाक्या रिकाम्या आणि आत एक चमचासुद्धा नाही. पण अमेरिकी गॅलनभर पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशेच्या वर पौंड वाढले. शिवाय बॅटरी, प्रोपेनचे दोन सिलिंडर, पाण्याचे नि सांडपाण्याचे पाइप, चाकांखालच्या लाकडी ठोकळ्या, खुर्च्या, अंथरुणं, कपडे, किराणा. प्रेशर कुकर, पोळपाट आणि दहा पौंडांची कणकेची पिशवी तर आपण नेणारच. ट्रेलर ६,४०० पर्यंत जातो, आणि तेही ‘आम्ही फारसं काही घेत नाही’ म्हणणाऱ्यांचा.

नीट भरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या गोळ्यावर टेकलेला असतो. १३ टक्के धरले तर ८३० पौंड. वजन वाटून देणारा हिच स्वतः ९० पौंडांचा. झाले ९२०. पिकअपच्या दृष्टीने हा मागे ओढायचा भार नव्हेच, पाठीवर घेतलेलं ओझं आहे, त्यामुळे तो सगळा पेलोडमध्ये मोजायचा. उरले ५९० पौंड. आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी यांचे मिळून ४९० धरा (चालकही यात आलाच, तो फुकट बसत नाही). शंभर पौंड शिल्लक. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात पुण्याहून आजी-आजोबा आलेले! त्यांचे २८० मिळवले की गाडी १८० पौंड वरती गेली. अजून मागच्या बेडमध्ये सायकली, आइसबॉक्स, जनरेटर काहीच ठेवलेलं नाही.

आता जाहिरातीकडे पुन्हा बघा. ११,३०० पैकी आपण ६,४०० ओढतोय, निम्म्याहून थोडं जास्त. तो आकडा जवळही आला नाही आणि गाडी भरून सांडली. मधल्या ट्रेलरच्या बाबतीत बहुतेक हाफ-टन पिकअप अशाच, आधी पेलोडमध्ये संपतात.

आजी-आजोबांना ट्रेलरमध्येच झोपवून न्यावं, हा त्यावर सुचणारा उपाय मुळीच करू नका. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बऱ्याच राज्यांत कायद्याने बंदी आहे. जिथे नाही तिथेही आत ना सीटबेल्ट ना धड बसायची जागा. अशा वेळी दुसरी गाडी काढावी.

‘एअरबॅग बसवल्या की झालं’

मागचा भाग बसला की तो उचलून धरण्यासाठी स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या बसवतात. त्याने गाडी सरळ दिसते, धक्के कमी बसतात. ॲक्सल, ब्रेक, चाकं आणि चेसिस मात्र पहिलेच राहतात आणि दारावरचा आकडाही तसाच. जास्त प्लायचे टायर घातल्यानेही तो वाढत नाही.

वजन वाटणाऱ्या हिचचं प्रकरण थोडं नाजूक आहे, कारण तो खरोखर उपयोगाचा असतो आणि म्हणूनच त्याच्यावर नको इतका भरवसा टाकला जातो. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत बारा फूट अंतर आहे आणि हिचचा गोळा मागच्या ॲक्सलपासून पाच फूट मागे आहे, असं धरू. तिथे ९२० पौंड टांगले की मागच्या चाकांवर ९२० येत नाहीत, जवळजवळ १,३०० येतात. वरचे ३८० कुठून आले? पुढच्या चाकांवरून. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल पडतं, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि रात्री समोरून येणारे तुमच्या दिव्यांनी वैतागतात. हिचच्या दोन पोलादी दांड्या ताण देऊन हे वजन पुन्हा पुढे ढकलतात आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडेही पाठवतात. पुढची बाजू किती खाली यायला हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजून ते बघता येतं. पण ट्रेलरच्या चाकांकडे जातं ते थोडंच. १८० पौंडांचा जादा भार या हिचने हवेत विरत नाही.

‘मग जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू’

पेलोडचा हिशोब चुकला की हुशार माणसाला हीच युक्ती सुचते. मागे वजन टाकलं की हिचवरचा भार कमी होतो आणि कागदावर सगळं जुळतं. माझ्या मते ट्रेलर ओढणाऱ्याच्या हातून होऊ शकणारी ही सर्वांत घातक गोष्ट आहे. मागे भार झाला की बैलगाडी उलाळ होते, हे गावाकडे पोरासोरांनाही कळतं. ट्रेलर उलाळ झाला तर तो ताशी ६५ मैलांवर डोलायला लागतो.

डोलणं सुरू व्हायला वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला अठरा चाकी ट्रक पुरतो. हिचवर पुरेसा भार असेल तर दोन हेलकाव्यांत ट्रेलर गप्प होतो. भार कमी आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि मग तो पिकअपलाच फिरवतो. पाण्याची टाकी कुठे आहे हेही बघून ठेवावं. काही ट्रेलरमध्ये ती ॲक्सलच्या मागे असते, त्यामुळे ती भरली की हिचवरचा भार आपोआप उतरतो आणि घरून निघतानाचा हिशोब कॅम्पग्राउंडहून परतताना लागू राहत नाही.

यावर ‘एक्सलरेटर दाबून ट्रेलर सरळ ओढून काढायचा’ असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, वेग हेच त्या हेलकाव्यांचं खाद्य आहे. गाडीचा ब्रेक करकचून दाबणं किंवा स्टिअरिंगने उलट्या बाजूला झटके देणंही तितकंच वाईट. एक्सलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ओढला गेला की सरळ होतो. नव्या पिकअपमध्ये डोलणं ओळखून चाकांना आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती मदत करते, पण चुकीचं भरलेलं सामान ती पुढे सरकवून ठेवत नाही.

तो खटका संकटात पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये. निघण्यापूर्वी रिकाम्या पार्किंगमध्ये जा, ताशी २५ मैलांवर हळूच फक्त खटका दाबा. ट्रेलर मागून ओढतोय असं स्पष्ट जाणवलं पाहिजे, पण त्याची चाकं अडकून घसरता कामा नयेत. कंट्रोलरचा आकडा त्याप्रमाणे वर-खाली करायचा. रिकाम्या आणि भरलेल्या ट्रेलरला तो वेगळा लागतो. ‘पिकअपचे ब्रेक दणकट आहेत, ट्रेलरला कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की बहुतेक राज्यांत साधारण ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात. मर्यादा राज्यागणिक बदलते.

उरलेसुरले

‘डिझेल घेतलं की प्रश्न मिटला.’ चढाला मिटतो, हे खरं. पण डिझेल इंजिन काही शे पौंडांनी जड असतं आणि थ्री-क्वार्टर-टन पिकअपचं एकूण वजन बरेचदा १०,००० पौंडांवरच बांधलेलं असतं. त्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा पेलोड अनेकदा जास्त निघतो. तिथेही दारावरची चिठ्ठीच वाचायची.

‘वजन कमी, म्हणजे मायलेज चांगलं.’ सपाट महामार्गावर इंधन पितो तो वारा. आठ फूट रुंद सपाट भिंत मागे लावल्यावर गॅलनला आठ ते अकरा मैल मिळाले तरी समाधान मानावं. इलेक्ट्रिक पिकअपचा पल्लाही असा ट्रेलर लावला की निम्म्याच्या आसपास येतो.

‘चढ अवघड, उतार काय, आपसूक जातो.’ कोलोरॅडोत आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११,००० फुटांच्या वर जातो. टर्बो नसलेलं इंजिन तिथे पोहोचेपर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद गमावून बसतं, पण चढावर फार तर वेळ जातो. खरी परीक्षा पलीकडे उतरताना असते. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बांधलेल्या खडीच्या चढत्या पट्ट्या या रस्त्याच्या कडेला उगाच नाहीत. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा, इंजिनला गाडी धरून ठेवू द्यायची, आणि ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा.

‘टायरांवरची नक्षी शाबूत आहे.’ ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. बाजूला कोरलेल्या डॉटच्या (DOT) आकड्यांतले शेवटचे चार बघा. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की दिसायला कितीही छान असले तरी बदलावेत. बऱ्याच ट्रेलर-टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैलांची असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर मागे असला की कायद्यानेच ५५.

‘रस्ता आहे म्हणजे ट्रेलर जाईल.’ ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे, आणि लांबीत ट्रेलर धरतात, रुंदीत आरसे. तिथे ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडूनच वर जायचं.

काट्यावर

एवढा हिशोब कागदावर केला तरी तो अंदाजच. खरं वजन ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर कळतं. महामार्गांवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. ही कंपनी १९७७ पासून हेच काम करते आहे. काट्याला वेगवेगळे पत्रे असतात. पिकअपची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर उभी करायची. पावतीवर तिन्ही वजनं वेगळी येतात आणि खाली बेरीज. सगळे जण गाडीतच बसलेले असावेत, पाणी नि सामान भरलेलं असावं, आजी-आजोबांनी पाय मोकळे करायला खाली उतरू नये.

वजन तीनदा करावं. पहिल्यांदा ट्रेलर जोडून हिचच्या दांड्या ताणलेल्या ठेवून. दुसऱ्यांदा दांड्या सैल करून. तिसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, फक्त पिकअप. दुसऱ्या पावतीवरच्या पिकअपच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसरी बेरीज वजा केली की ट्रेलरने हिचवर टाकलेला भार मिळतो. पहिल्या नि दुसऱ्या पावतीतला पुढच्या ॲक्सलचा फरक म्हणजे हिचने पुढे परत पाठवलेलं वजन. पहिल्या पावतीवरचं मागच्या ॲक्सलचं वजन दाराच्या खांबावरच्या, ॲक्सलची मर्यादा देणाऱ्या दुसऱ्या चिठ्ठीशी ताडून बघा, कारण पेलोड शिल्लक असतानाही मागचा ॲक्सल आपली मर्यादा ओलांडू शकतो.

पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास पडतात. चोवीस तासांच्या आत त्याच काट्यावर पुन्हा चढलात तर दर बराच कमी लागतो, फक्त पहिली पावती जपून ठेवावी.